पिवळ्या रेघेचे आठ नट

२५ जानेवारी, शनिवार. हजर: मी, नवरा, माझा धाकटा भाऊ, आमची मुलगी. शिवाय पिकअप. तिला मी हजेरीत धरते, कारण दिवसभर सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं. गैरहजर: भावाची बायको. तिने आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं, "ताई, मला झोपायला माझी गादी लागते. डोंगर तुम्हीच बघा."

मुक्काम: भामा आसखेड धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगरातली एक सपाट पट्टी. चाकणहून फार लांब नाही, पण शेवटचा रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी.

पिकअप आमच्याकडे कशी आली ते आधी सांगते. नवरा गाड्यांच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर होता. ऐच्छिक निवृत्तीची योजना आली तेव्हा त्याने ती घेतली आणि महिनाभर घरात बसून मला स्वयंपाकघरातले डबे कसे लावावेत ते शिकवलं. मग एके दिवशी डबल केबिनची जुनी पिकअप घेऊन आला. पुढे पाच माणसं बसतील, मागे उघडा हौदा. म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या गाड्या जोडल्या. आता एक आपल्यासाठी जोडतो. हिच्यातून फिरायचं, हिच्यातच राहायचं."

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत पिकअप शिरली की ती कुणाचं तरी सामान न्यायलाच आलेली असते. वॉचमनने पहिल्या दिवशी वही पुढे केली, "मॅडम, शिफ्टिंग कोणत्या फ्लॅटचं?" दुसऱ्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांनी नवऱ्याला गाठलं, "भाऊ, फ्रिज चिखलीला टाकायचाय, काय घ्याल?" नवऱ्याने फ्रिज फुकट नेऊन दिला. वर परत येऊन मला म्हणाला, "चढावर मस्त ओढते गं."

मी चाकणच्या एका कंपनीत आहे. आम्ही पत्र्याचे सुटे भाग करतो. नवा भाग लाइनवर जाण्याआधी एक तक्ता करावा लागतो: यात काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती वाईट होईल, आणि बिघडलंय हे आपल्याला कळणार कसं. हा तक्ता करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. चांगलं काम आहे, पण एक खोड लागते. दिसेल त्या वस्तूत आधी तिचं मोडणं दिसतं. मुलगी लहानपणी झोक्यावर बसायची तेव्हा मला झोक्याची कडी दिसायची.

तेव्हा पिकअपचाही तक्ता केला. चिखलात रुतली तर: फावडं, ओढायचा पट्टा, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या. पंक्चर झाली तर: जास्तीचं एक चाक, हवा भरायचं यंत्र. बॅटरी उतरली तर: दुसरी बॅटरी. आग लागली तर: लाल सिलिंडर, तोही हाताला लगेच येईल असा, सीटच्या मागे. साप, विंचू, ताप, जुलाब, कापणं, भाजणं: एक डबा, त्यावर ठळक अक्षरात नाव. नवऱ्याला वाटत होतं तो गाडी सजवतोय. मी एकेक भीती काढून टाकत होते.

पण एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. फावडं घेतलं त्या दिवशी आम्ही कच्च्या रस्त्यावर जाणार हे ठरून गेलं. फावडं नव्हतं तोवर लोणावळ्याच्या पुढे कुणी बोलत नव्हतं. दुसरी बॅटरी आल्यावर एक रात्र राहायचं ते दोन रात्री राहायचं झालं. पाण्याची टाकी बसवली आणि नवरा नकाशावर अशा जागा बघायला लागला जिथे पाणीच नाही. मी एक भीती मिटवायची आणि तिच्या जागी तो मला दहा कोस पुढची भीती आणून द्यायचा.

हौद्यात सामानासाठी खण केले ते कुदळवाडीच्या भंगारातून आणलेल्या लाकडाचे. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं ते लाकूड. हलकं, सरळ, आणि त्यावर बाण छापलेले: ही बाजू वर. नवरा आणि भाऊ दोघांनी मिळून खण केले. एका खणावरचा बाण आडवा आला. भाऊ म्हणाला, "दाजी, गाडी एका अंगावर पडली की हा बरोबर होईल." दोघं हसले. मी ते वाक्य दोन दिवस विसरू शकले नाही.

शेवटी आला तंबू. तो मुलीने आणला. ती हिंजवडीत काम करते, अमेरिकेच्या वेळेवर. वर्षभरात तिची झोप पार बिघडली होती. पहाटे येऊन पडायची आणि पडद्यातून उजेड आला की डोळे उघडे. गोळ्या नको म्हणायची. तिने कुठेतरी हा तंबू बघितला, जो गाडीच्या डोक्यावर बसतो. घडी उघडली की त्याचा अर्धा भाग गाडीच्या बाहेर येतो आणि त्या अर्ध्या भागाला खालून शिडीचा आधार. "मम्मी, मला वर झोपायचंय. जमिनीपासून लांब," एवढंच म्हणाली. तिने काही मागितल्यालाच खूप दिवस झाले होते.

तंबू बसवायला हौद्यावर लोखंडी सांगाडा हवा. तो भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. चार पाय, प्रत्येक पाय हौद्याच्या कडेला दोन बोल्टांनी आवळायचा. म्हणजे आठ बोल्ट, आठ नट.

सांगाडा बसवला तो रविवार मला नीट आठवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाऊ निघोज्याहून सकाळीच आला होता. तो तिथल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. साहेबांपेक्षा जास्त कडक, असं त्याच्या हाताखालची पोरं म्हणतात. दोघांनी सांगाडा उचलून ठेवला, बोल्ट घातले, नट हाताने चढवले. तेवढ्यात सोसायटीच्या चेअरमननी नवऱ्याला वर बोलावलं. पार्किंगमध्ये ठोकाठोकीचा आवाज होतोय, ही तक्रार. नवरा गेला तो अर्ध्या तासाने परत आला. तोवर भावाने साध्या पान्याने नट बसते केले, खिशातला पिवळा मार्कर काढला आणि प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत एकेक रेघ ओढली. मी चहा घेऊन खाली आले होते.

नवरा आल्यावर भाऊ म्हणाला, "दाजी, आठही पिवळे केलेत."

नवरा वाकून एकेक नट बघत गेला. आठ रेघा, सरळ, स्वच्छ. "वा, मेव्हणे! सुटलो बघ. मला वाटलं हा रविवार त्यातच जाणार."

"मग? आम्ही काय नुसते जेवायला येतो काय?"

मी यादीत सांगाड्यापुढे खूण केली. तिघं मिसळ खायला गेलो.

आता तो शनिवार. डांबरी रस्ता संपला तिथे एका वस्तीवर थांबलो. म्हशी बांधत असलेले एक आजोबा जवळ आले, हौद्याकडे बघून म्हणाले, "काय माल हाय?"

"माल नाही बाबा," नवरा म्हणाला. "झोपायला आलोय."

आजोबांनी आम्हा चौघांकडे आळीपाळीने बघितलं. "का? घर न्हाई का तुमाला?"

मुलगी इतकी हसली की तिला खोकला आला. आजोबाही हसले. मग हात लांब करून त्यांनी रस्ता दाखवला. "वर पट्टी हाय, तिथं लावा. पर उताराच्या अंगाला नका जाऊ. वारं लय येतं खालनं."

वस्तीपासून वर जाताना मला पहिल्यांदा तो आवाज आला. मागून, टक्. दगडावरून चाक उतरलं की टक्. मी म्हटलं, थांबवा. नवरा म्हणाला, "खणातली भांडी असतील." थांबवली. खण उघडला. पातेल्यात पातेलं हलत होतं. त्यांच्यामध्ये टॉवेल कोंबला. पुढे आवाज आला, पण कमी. तोवर रस्ताही जरा बरा झाला होता. मला बरं वाटलं नाही, पण टॉवेलनंतर परत थांबवा म्हणायला तोंड नव्हतं.

पट्टी अरुंद निघाली. पिकअप सपाट उभी करायची तर एकाच दिशेने राहत होती, आणि त्या दिशेने तंबूचा बाहेर येणारा अर्धा भाग आणि शिडी उताराकडे येत होती. शिडीच्या पायापासून चार पावलांवर जमीन खाली वळत होती. कडा नव्हता. पण गडगडत गेलं तर मध्ये अडवायला काही नव्हतं. नवऱ्याने चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली. मी प्रत्येक दगड लाथ मारून बघितला. भाऊ म्हणाला, "ताई, तू एकदा डोंगराला पण लाथ मारून बघ, हलत नाही ना."

मुलगी जेवून वर गेली ती लगेच झोपली. आम्ही खाली तिघं. पुरुष जमिनीवरच्या छोट्या तंबूत, मी केबिनच्या मागच्या सीटवर. रात्र कशीबशी गेली.

फटफटलं तशी मी उठले. चहाला शेगडी काढावी म्हणून मागे गेले आणि खण ओढायला आधार म्हणून सांगाड्याच्या मागच्या पायावर हात ठेवला. तो हलला.

मला वाटलं माझाच तोल गेला. पुन्हा हात ठेवला. पुन्हा हलला, थोडासाच, दुधाचा दात हलतो तसा. मी खाली बघितलं. नटावरची पिवळी रेघ आणि खालच्या लोखंडी पट्टीवरची पिवळी रेघ आता एका ओळीत नव्हत्या. नवऱ्याने मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, रेघ तुटली म्हणजे नट फिरला. मी नटावर बोट ठेवलं. तो माझ्या बोटाबरोबर फिरला.

मी उताराच्या बाजूला गेले. तिथल्या मागच्या पायाचा एक नट होता, अर्धा वर आलेला. दुसऱ्या बोल्टावर नटच नव्हता. बोल्ट नुसता भोकात उभा होता. पाय मूळ जागेवरून बोटभर सरकला होता आणि हौद्याच्या रंगावर त्याचा ताजा ओरखडा दिसत होता.

वर माझी मुलगी झोपली होती. तिचं डोकं कुठे आहे तेही मला कळत होतं, कारण कापडाला तिथे फुगवटा होता. फुगवटा शिडीच्या बाजूला होता. बाहेरच्या अर्ध्या भागात.

मी हाक मारली नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी जमिनीवरच्या तंबूची चेन हळूहळू उघडली, नवऱ्याचा पाय धरला आणि कानात सांगितलं. तो बनियनवरच बाहेर आला. भाऊ त्याच्या मागून. दोघांनी आठही नट बघितले.  पाच सैल, एक गायब, दोन कसेबसे धरून.

"उठवू या तिला," मी कुजबुजले. "म्हणू, हलू नकोस, हळू आतल्या बाजूला सरक."

"ती हळू उठते का कधी?" नवरा म्हणाला. "हाक मारली की ताडकन बसते. आणि उठली की पहिला पाय शिडीवर. सगळा भार सांगाड्याच्या त्याच सैल पायावर येणार."

"मग?"

"झोपलीय तोवर आवळायचं."

भाऊ तोवर खाली बसून बोल्टाला हात लावत होता. "दाजी, टॉर्कच्या पान्याने पक्के आवळले होते ना तुम्ही?"

"मी? तू आवळलेस! पिवळे केलेत म्हणालास!"

"पिवळे म्हणजे बाकी! आमच्याकडे पिवळं म्हणजे होल्ड. काम अर्धं आहे, पुढं सोडू नका. झालं की हिरवं करतात. मला वाटलं तुम्ही नंतर पाना घेऊन—"

"आमच्याकडे पिवळं म्हणजे झालं! तीस वर्षं पिवळं म्हणजे झालं!"

"हळू," मी म्हटलं.  वर मुलगी कूस बदलत होती. लोखंड एकदा कुरकुरलं. शिडीचा पाय मातीत जरासा रुतला. मी दोन्ही हातांनी शिडी धरली. काय उपयोग होता माहीत नाही. ती पडली असती तर माझ्यासकट पडली असती, एवढंच.  खाली उतारावर धुकं होतं, जमीन कुठवर जाते ते दिसत नव्हतं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिले.

जास्तीचे नट सगळ्यात खालच्या खणात होते. तो खण ओढताना किंचाळायचा. भावाने कडेला खायचं तेल सोडलं आणि तो बोट बोट करत ओढला. नवऱ्याने उताराकडचा पाय खांद्याने रेटून मूळ जागी आणला. त्याची मान लाल झाली होती. भावाने नट घातला, चढवला, साध्या पान्याने बसवला. मग समोरचा. मग परत हा. नवरा टॉर्कचा पाना लावत गेला. ठरवलेला जोर लागला की तो पाना कट् असा वाजतो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आवाजाची भीती वाटली आणि तरी तो यावा असंही वाटत होतं. एक कट्. दुसरा कट्. तिसऱ्याला वरून आवाज आला.

"मम्मी, काय वाजतंय?"

"चहा करतोय," नवरा म्हणाला.

"चहाला पाना लागतो?"

"तू पड अजून. थंडी आहे. आतल्या बाजूला सरक, वारं कमी लागेल."

ती सरकली. लोखंड कुरकुरलं, पण पाय हलला नाही. राहिलेले पाच नट त्यांनी कसे आवळले ते मी बघितलं नाही, फक्त मोजले. आठवा कट् झाल्यावर मी शिडी सोडली. 

ती उतरली तेव्हा आम्ही तिघंही शिडीला धरून उभे होतो. तिने वरून बघितलं. "हे काय? सगळे असे उभे? मी काय नवरी आहे का?" मग खाली येऊन माझ्या गळ्यात पडली, अंगाला अंथरुणाचा वास. "मम्मी, इतकी झोप मला कधी लागली होती ते आठवत पण नाही. मध्ये एकदा पण जाग नाही. आपण दर महिन्याला यायचं."

भाऊ वळून उतारापाशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला. नवऱ्याने शेगडी पेटवली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी येताना गाडी नवऱ्याने चालवली. बोलला फक्त चाकणच्या सिग्नलला, तेही समोर बघत. "लाइनवर ती रेघ बघून पुढचा माणूस गाडी सोडतो. परत बघत नाही. मी पण कधी बघितलं नाही." मागे मुलगी पुन्हा झोपली होती.

त्यानंतर तो आणि भाऊ दोन रविवार भांडले. शेवटी ठरलं ते असं की रंग कुठलाच नको. प्रत्येक वेळी निघताना आठही नट पान्याने बघायचे, आणि वाटेत टक् झालं की थांबायचं. मी मान्य केलं. सैल नट माझ्या तक्त्यात होता. एकच रंग दोन कंपन्यांत दोन गोष्टी सांगतो, हे कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता मुलीला पिकअप हवी आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, शुक्रवारी निघून कोयनेच्या बाजूला. आमच्यापैकी कुणी बरोबर नाही. तिला नाही म्हणायला कारण नाही. गाडी ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, आणि त्या पहाटेपासून तिचा चेहरा बदलला आहे. झोप येत नसली की हल्ली तंबूतली ती रात्र आठवते म्हणे, वारा, कापडाचा आवाज, आणि डोळा लागतो. त्याच रात्रीबद्दल मी तिला काय सांगू? न सांगता किल्ली तरी कशी देऊ?

काल संध्याकाळी तिला पार्किंगमध्ये बोलावलं. म्हटलं, गाडी घेऊन जाणार तर हे शिकून घे. टॉर्कचा पाना तिच्या हातात दिला, आठही नट दाखवले, कट् झाल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून सांगितलं. ती गुडघ्यावर बसली, केस मागे बांधले आणि एकेक करून सगळे बघितले. हात तिच्या बापासारखा चालतो. शेवटच्या नटाशी थांबली आणि मान वर करून म्हणाली, "मम्मी, हे कधी सैल झाले होते का गं?"

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आले. आणि वर आले. गॅसवर काही नव्हतं.

शुक्रवार जवळ आला आहे. तिला सांगायचं अजून बाकी आहे.